हाय म्हणणारे सगळे बाद

एका ऐंशी वर्षांच्या माणसाला मी तीन वेळा स्पॅम समजून हाकललं. तिसऱ्या वेळी तर हसत हसत. त्यांच्याकडे केळीच्या बागेत बोलल्या जाणाऱ्या शब्दांची एक वही होती, कित्येक वर्षं भरत आणलेली. ती वही आमच्या शब्दकोशात जावी एवढंच त्यांना हवं होतं. दाराशी मी बसले होते, म्हणून ती जात नव्हती.

दार का बसवावं लागलं ते आधी सांगते.

मी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माहेर धुळ्याच्या बाजूचं. लहानपणी मी शिकले त्या शाळेतले मुख्याध्यापक निवृत्त झाल्यावर त्यांनी खान्देशी शब्द गोळा करायचं मनावर घेतलं. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. नानांनी आधी व्हॉट्सॲपवर गट काढला. तिथे शब्द कमी आणि गुलाबाची फुलं जास्त यायला लागली. मग त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, टपालासारखं काहीतरी कर, जे जपून राहील आणि शोधलं की सापडेल. मी ईमेलचा गट काढून दिला. एका पत्त्यावर पत्र टाकलं की सगळ्यांना जातं. शब्द, त्याचा अर्थ, आणि तो वापरून एक वाक्य, एवढाच नियम. वर्षभरात सुरतेपासून पुण्यापर्यंतची माणसं जमली. बहुतेक निवृत्त. तलाठी, शिक्षक, कंडक्टर, दोन डॉक्टर, आणि शिरपूरच्या एक अक्का, ज्यांना जात्यावरचे शब्द इतके ठाऊक होते की नाना त्यांच्या पत्राची वाट बघत बसायचे.

पत्ता उघडा होता. कोणीही लिहावं असा. सहा महिन्यांत स्पॅम सुरू झालं.

स्पॅमचा मला त्रास नव्हता. एक कळ दाबली की जातं. त्रास आमच्या लोकांचा होता. आमच्याकडे आलेल्या पत्राला उत्तर न देणं हा उद्धटपणा समजतात. परदेशातल्या कुठल्याशा विधवेचं पत्र आलं, की आपल्या पतीच्या मागे आपण एकट्या आहोत आणि एका विश्वासू माणसाच्या शोधात आहोत. शिरपूरच्या अक्कांनी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. ‘तुम्ही कोठला शेतस? तुमना घरमा आखो कोन कोन शे? दुख धरू नका, माय.’ हे उत्तर त्या विधवेबरोबर आम्हा सगळ्यांना आलं. त्यावर एका डॉक्टरांनी सगळ्यांना लिहिलं की हे पत्र खोटं आहे, उत्तर देऊ नये. त्यावर अक्कांनी सगळ्यांना लिहिलं की खोटं असलं तरी बाई एकटी असेल. त्यावर सुरतेहून एकांनी सगळ्यांना लिहिलं, ‘मनं नाव काढी टाका.’ मग नाव काढा म्हणणाऱ्यांची रांग लागली. एका स्पॅमची तीस पत्रं झाली आणि त्या गर्दीत नानांचा ‘हुंडारणं’ या शब्दावरचा खुलासा कोणी वाचलाच नाही.

नानांचा फोन आला. ते माझ्याशी अहिराणीतच बोलतात.

“माय, हाई काय चालनं शे?”

“बंद करते नाना. आठवड्याभरात.”

“अक्काले काही बोलू नको. ती शब्द धाडनं बंद करी देई.”

अक्कांना काही बोलायची गरज नव्हती. गट उघडा ठेवायचा नाही, आत येणाऱ्याला दाराशी एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर बघून घ्यायचं किंवा घालवायचं, अशी सोय असते. ती सोय चालवणाऱ्याला तिथे जे नाव आहे त्याचं मराठी नियामक. मला हसू आलं, कारण बोर्डाच्या परीक्षेला मी खरीच नियामक आहे. परीक्षकांनी तपासलेले गठ्ठे माझ्याकडे येतात आणि गुण बरोबर दिलेत की नाही ते मी बघते. प्रश्न काढणं, उत्तरसूची बनवणं, सूचीबाहेरचं उत्तर कापणं, हे माझं रोजचं काम. एका मार्काच्या प्रश्नाला एकच उत्तर असावं, ते पाठ करून येण्याजोगं नसावं, आणि ज्याला येतं त्याला विचार न करता यावं.

मी प्रश्न काढला: ‘आहे’ला आपण काय म्हणतो?

उत्तर: शे.

नानांना तो फार आवडला. म्हणाले, इंग्रजांना हा प्रश्न विचारला असता तर ते सुरतेलाच अडकले असते.

प्रश्न चालला. रोज मधल्या सुट्टीत मी चहा घेताना फोन उघडायची. दारावर पाच-सात जण असायचे. ‘शे’ लिहिणाऱ्याला आत. बाकी सगळे बाहेर, आणि त्या पत्त्यावर कायमची बंदी. बाहेर गेलेल्यांची उत्तरं करमणुकीची होती. कोणी ‘होय’ लिहिलं होतं. कोणी ‘आदरणीय महोदय’. कोणी स्वतःच्या दुकानाचा पत्ता दिला होता. पुष्कळांनी ‘आहे’ असंच लिहिलेलं असायचं. ते मी यंत्राचं भाषांतर म्हणून ओळखायची. आणि काही जण नुसतं ‘हाय’ लिहायचे. कधी इंग्रजी अक्षरांत, कधी मराठीत. ओळख ना पाळख, आल्या आल्या हाय. मी बंदीची कळ दाबायची. एकाने तर ‘हाय हाय हाय’ असं तीनदा लिहिलं होतं. यंत्र अडकलं वाटतं, असं मी शेजारच्या मॅडमना दाखवून म्हणाले होते. त्या गणिताच्या. त्याही हसल्या.

पावसाळा संपेपर्यंत गट स्वच्छ झाला. एकही विधवा नाही, एकही लॉटरी नाही. कोशाचं कामही पुढे सरकलं. दिवाळीनंतर शब्द घेणं थांबवायचं आणि छपाईची फाईल करायला घ्यायची, असं नानांनी सगळ्यांना कळवलं.

सहामाही परीक्षेच्या आठवड्यात मराठीच्या मॅडम स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांचं सासर यावल तालुक्यात. शाळेत आम्ही दहा वर्षं एकत्र आहोत, पण त्यांचा फोन माझ्या तोंडासमोर धरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

“मॅडम, हे तुमच्याच गटाचं ना?”

त्यांच्या पत्त्यावर आलेली सूचना होती. आपल्याला या गटात प्रवेश नाकारला असून आपला पत्ता कायमचा बंद केला आहे.

“तुम्ही कधी अर्ज केला?”

“मी नाही केला. आमच्या सासऱ्यांनी, आबांनी केला, माझ्या पत्त्यावरून. त्यांचा पत्ता तुम्ही आधीच बंद केलाय. मग त्यांनी आमच्या ह्यांच्या पत्त्यावरून केला. तोही तुम्ही बंद केला. घरात आता एकच पत्ता उरलाय, मांजराचा.”

“पण प्रश्न सोपा आहे. त्यांनी लिहिलं काय?”

“हाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे हाय. आमच्याकडे ‘आहे’ला हाय म्हणतात. सासरे घरात हाय, केळी बागेत हाय. शे कोण म्हणतं आमच्या गावात? शे म्हणणारी माणसं धुळ्याकडची. तिसऱ्या वेळी आबा म्हणाले, त्यांना ऐकू येत नसेल, तीनदा लिहितो.”

गणिताच्या मॅडम समोरच होत्या. त्यांनी पेपर तपासायला मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मराठीच्या मॅडमनी बाकीचंही सांगितलं, आणि ते त्यांनी आवाज न चढवता सांगितलं म्हणून जास्त लागलं. आबा ग्रामसेवक होते. गावोगाव फिरताना बागेत, वखारीत, घड कापणाऱ्या टोळीत जे शब्द कानावर पडतील ते वहीत उतरवायचे. कोश निघतोय असं कळल्यावर त्यांनी म्हातारपणी फोनवर मराठी टाईप करायला शिकून घेतलं. तीन वेळा नकार आल्यावर त्यांनी वही कपाटात वर टाकली आणि चावडीवर सांगितलं, की धुळेवाले आपल्याला खान्देशात धरत नाहीत. आता गावात तेच सगळे म्हणतात.

“शब्द घेणं कधी बंद होतंय?” मॅडमनी विचारलं.

“दिवाळीनंतर.”

“मग झालंच.” त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. “ते आता आपणहून काही देणार नाहीत.”

मी त्याच संध्याकाळी नानांना फोन लावला. त्यांना वाईट वाटेल अशी माझी समजूत होती.

“जो शे नही म्हनस, तो खान्देशी कसा?” नाना म्हणाले.

“जळगाव कोठे शे मग, नाना?”

“जळगाव जळगावमा शे.”

“यावलची केळी खान्देशची म्हणून विकतात. तेव्हा चालतं ना?”

“केळी येगळी, बोली येगळी. तिकडली बोली येगळी शे, माय. तिना येगळा कोश करोत त्या.”

“आणि इतके दिवस मुखपृष्ठावर ‘खान्देशी’ लिहायचं ठरलंय, ते ‘धुळ्याकडची’ असं बदलू का?”

मुखपृष्ठावर नानांचा जीव होता. शेवटी म्हणाले, त्यांना घ्यायचं असेल तर मागे परिशिष्टात घे. मी म्हटलं, आधी त्यांना दारातून आत तर घेऊ द्या.

फोनवरून माफी मागण्यात अर्थ नव्हता. रविवारी मराठीच्या मॅडमबरोबर बसने निघाले. गावापर्यंत दोन्ही बाजूंना केळीच होती, मध्ये खंड नाही. स्टॅण्डवरून घर जवळच. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पांढरा सदरा, खिशाला पेन. सुनेने ओळख करून दिली. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, उभंही राहू दिलं नाही. समोरची खुर्ची पायाने थोडी पुढे सरकवली.

“तुम्हीच का त्या दारावरच्या बाई?”

“मीच.”

“मले तीन खेपा भायेर काढलं.”

“काढलं. मला वाटलं ते इंग्रजी हाय आहे. नमस्कारासारखं.”

त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पोट हलेपर्यंत हसले, पण आवाज नाही.

“म्हंजे मी साहेब झालो हाय का?”

“आबा, प्रश्न माझा होता आणि प्रश्नच चुकला होता.”

“तुम्ही मास्तरीन. तुमचा प्रश्न चुकतो काय?”

“बोर्डाचासुद्धा चुकतो.”

“थांबा,” ते म्हणाले. “आता माह्या प्रश्नाचं उत्तर द्या. मंग बोलू. कांदेबागेत काय लावता?”

जळगावात मला पंचवीस वर्षं होतील. शब्द पोरांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेला. कोणाच्या वडिलांची कांदेबाग, कोणाची मृगबाग. एकदाही विचारलं नव्हतं.

“कांदे,” मी म्हणाले.

आतून आबांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. सून तोंडावर पदर घेऊन आत गेली.

“केयी लावता बाई, तुमच्या भाषेत केळी. पावसाळ्याच्या शेवटाले लावली तं कांदेबाग. मृगात लावली तं मृगबाग.” चुकलेलं उत्तर कापावं तशी त्यांनी बोटाने हवेत एक रेघ मारली. “आता मी तुमच्यावर बंदी घालू का?”

“घाला. पण वही द्या.”

“केयीले कांदे म्हननारी बाई चहा पिते का, ते इचार आधी,” त्यांनी आत सांगितलं.

चहा झाला. वही त्यांनी काढली नाही. मी माझा फोन उघडला, त्यांचं नाव गटात घातलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि मान हलवली.

“मी एकटाच होतो काय हाय म्हननारा?”

मी कधी मोजलं नव्हतं. तसं सांगितलं.

“मंग पाहा. परीक्षेत प्रश्न चुकला तं एकाच पोराले मार्क देता काय तुम्ही?”

ग्रामसेवकांना परीक्षेच्या कामाला लावायचे त्या काळातले ते होते. नियम त्यांना माझ्याइतकाच ठाऊक होता. प्रश्न चुकीचा निघाला की ज्यांनी ज्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला त्या सगळ्यांना गुण. तक्रार करणाऱ्याला वेगळे, बाकीच्यांना वेगळे, असं नसतं. सगळे आत आले की वही देतो, असं त्यांनी सांगितलं, आणि मी हो म्हटलं, कारण त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

बंदी घातलेले पत्ते गटात साठवलेले राहतात हे माझं नशीब. मी कधी ते पुसले नव्हते. दोन संध्याकाळी त्या यादीत घातल्या. इंग्रजी अक्षरांतले हाय सोडून दिले. मराठी अक्षरांत ‘हाय’ किंवा ‘हाये’ लिहिणारे चौदा निघाले. ‘आहे’ लिहिणाऱ्यांतही आपली माणसं असणार हे तोवर कळलं होतं. पण त्यांची यादी मोठी, म्हणून प्रत्येकाला एक ओळ पाठवली: तुम्ही कुठले? चौदा जणांना मात्र पूर्ण पत्र लिहिलं. दारावरचा प्रश्न चुकीचा होता, चूक प्रश्न काढणारीची आहे, आपलं उत्तर बरोबर धरलं आहे. सही करून पाठवलं.

नऊ जणांची उत्तरं आली. मुक्ताईनगरच्या एक निवृत्त नर्स, रावेरकडचे दोघे भाऊ, एक भुसावळचे, असे. ‘आहे’वाल्यांतूनही ज्यांनी गाव कळवलं त्यांना आत घेतलं. नर्सबाईंनी लिहिलं, की आपण हाय लिहिल्यावर बंदी आली तेव्हा आपल्याला वाटलं, गटात बायका घेत नसतील. एक जण केस वाढवायचं तेल विकणारा निघाला. त्याने आत आल्या आल्या बाटलीचा फोटो टाकला. शिरपूरच्या अक्कांनी त्याला विचारलं, हे कशापासून करतात. मी त्याला पुन्हा बाहेर घालवलं, या वेळी खात्री करून.

दारावरचा प्रश्न बदलला. आता विचारते: तुमच्या घरी ‘आहे’ला काय म्हणतात, ते वापरून घरातलं एक वाक्य लिहा. उत्तरसूची नाही. वाचायला वेळ लागतो. पण यंत्राने लिहिलेल्या घरात कोणाचे गुडघे दुखत नाहीत आणि कोणाची म्हैस आटत नाही, त्यामुळे ओळखू येतं.

आबांनी वही दिली. पुढच्या शनिवारी सुनेबरोबर शाळेत पाठवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून. चिठ्ठी होती: झेरॉक्स काढून परत करावी. मी शब्द टाईप करून गटावर टाकले. निसवण म्हणजे झाडातून घड बाहेर पडायची वेळ. पिलबाग म्हणजे जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली बाग. असे दोनशेच्या वर.

नानांनी ते वाचले हे मला कळत होतं, कारण ते चार दिवस काहीच बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सगळ्यांना पत्र: शब्द उत्तम आहेत, परिशिष्टात घ्यावेत.

आबांचं उत्तर अर्ध्या तासात, तेही सगळ्यांना. ‘परिशिष्ट म्हणजे पडवी. आम्ही पडवीत बसत नाही.’

नियामक म्हणून दोन्ही पत्रं मला अडवता आली असती. मी दोन्ही जाऊ दिली. मग तीस काय, साठ पत्रं झाली, आणि या वेळी नाव काढा असं कोणी म्हणालं नाही.

तोड नानांनीच काढली. शब्द मुख्य कोशात, अकारविल्हे, पण पूर्वेकडच्या, म्हणजे यावल-रावेरकडच्या, प्रत्येक शब्दापुढे कंसात ‘पू.’ अशी खूण. आबा म्हणाले, मान्य. मग पश्चिमेकडच्या शब्दापुढे ‘प.’ हवी. खान्देशी काय ते एकट्याचं नाही. नाना म्हणाले, घाला. आपल्याकडचेच शब्द जास्त आहेत असा त्यांचा हिशोब होता.

मी खुणा घालायला बसले आणि प्रत्येक शब्दाला गटावर विचारत गेले. तुमच्याकडे म्हणतात का? कांदेबाग पश्चिमेला नव्हती. शे पूर्वेला नव्हतं. पण बाकी पानांवर गंमत झाली. अक्कांचे जात्यावरचे शब्द नर्सबाईंच्या घरी होते. आबांच्या वहीतले विहिरीचे, बैलाचे, रागावण्याचे शब्द नानांना तोंडपाठ होते. तिसऱ्या अक्षरापर्यंत येता येता बहुतेक शब्दांपुढे दोन्ही खुणा पडल्या होत्या.

तेवढी पानं छापून नानांना धुळ्याला पाठवली. त्यांचा फोन आला.

“माय, हाई वाचता येस नही. बठ्ठं पान पू-प, पू-प करी ऱ्हायनं.”

“मग?”

“काढी टाक.”

“दोन्हीकडच्या काढायच्या ना?”

“दोन्हीकडल्या. एकाच्याच काढश्यात, तर त्या यावलवाला माले पत्र धाडी.”

काढायला पाच मिनिटं लागली. फाईल मी त्याच दिवशी आबांना पाठवली. त्यांचे शब्द आता कुठल्याही खुणेशिवाय बाकीच्या शब्दांमध्ये बसलेले होते. त्यांनी दोन दिवस वाचून तीन चुका कळवल्या. त्यातल्या दोन खऱ्या होत्या. तिसरीवर त्यांचं आणि नानांचं अजून चाललंय.